जुन्या चिमट्याला नवं तोंड

आंबीच्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये, म्हणजे हत्यारं घडवायच्या विभागात, मी एकतीस वर्षं काढली. निवृत्त झालो त्या दिवशी साहेबांनी शाल दिली, नारळ दिला आणि "आता आराम करा" असा सल्ला दिला. शाल आणि नारळ मी घरी आणला, सल्ला तिथंच राहिला. कारण चौथ्याच दिवशी बायकोनं विचारलं, "तुम्ही आता रोज असेच दिवसभर घरी असणार का?" तिच्या आवाजात राग नव्हता. नुसती काळजी होती. मग मी इंदुरीच्या आमच्या घरामागच्या पडवीत एक टेबल मांडलं, त्याला लोखंड आवळून धरायचा व्हाइस ठोकला, ग्राइंडर बसवला, कानशी ओळीनं टांगल्या आणि घरात असूनही घरात नसलेला माणूस झालो. दोघांचंही बरं चाललं.

आमच्या गल्लीतल्या बऱ्याच बायका गुलाबाच्या पॉलीहाऊसवर कामाला जातात. सकाळी टेम्पो येतो, संध्याकाळी सोडतो. त्यांची मुकादम म्हणजे आमच्या समोरच्या आळीतली मावशी. वयानं माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनीच मोठी असेल, पण सगळा गाव तिला मावशी म्हणतो, म्हणून मीही म्हणतो. एका संध्याकाळी ती अंगठा धरून पडवीत आली.

"भाऊ, तुमच्याकडं भिंग हाय म्हनं. एवढा काटा बघा की."

माझ्याकडं भिंग होतं, टूलरूममधली बारीक टोकाची चिमटी होती आणि वेळ तर पोत्यानं होता. काटा काढला. दुसऱ्या दिवशी ती दोघींना घेऊन आली, तिसऱ्या दिवशी त्या दोघींनी आणखी तिघींना पाठवलं. आठवड्याभरात मी गावात काटे काढणारा भाऊ म्हणून प्रसिद्ध झालो.

"हातमोजे देत नाहीत का तुम्हाला?" मी एकदा विचारलं.

"देत्यात की," मावशी म्हणाली. "पर मोजं घातलं की फूल कळंना. अन् फूल मोडलं की मंग सुपरवायझर कळतो."

गुलाब तोडल्यावर दांडीच्या खालच्या भागातले काटे आणि पानं काढून टाकायची असतात. हे काम त्या चाकूनं, नखानं, जमेल तसं करत. माझ्या मनात आलं, काटा बोटातून काढण्यापेक्षा गुलाबातूनच काढलेला काय वाईट? मोठ्या खोक्यांना बांधून येते ती पोलादी पट्टी घेतली, पापड भाजायच्या चिमट्यासारखी वाकवली, दोन्ही टोकांना अर्धचंद्रासारखी खाच पाडली, आणि हातात बोचू नये म्हणून मुठीला सायकलची ट्यूब गुंडाळली. दांडी खाचेत धरायची, दाबायचं, खाली ओढायचं. काटे आणि पानं एका झटक्यात खाली.

मावशीनं पहिला चिमटा नमुना म्हणून नेला आणि दुसऱ्या दिवशी टेम्पो आमच्या दारात थांबला. महिन्याभरात आणखी बावीस चिमटे विकले गेले. किंमत ठेवली दोन वडापावांची. पैशासाठी मी ते करत नव्हतोच, पण फुकट दिलेल्या हत्याराला कोणी जपत नाही, हे टूलरूममध्ये शिकलो होतो. प्रत्येक चिमट्यावर मी सेंटर पंच नावाच्या टोकदार खिळ्यानं तीन ठिपके मारत असे. कंपनीची खूण असावी तशी. खंडेनवमीला बायकांनी विळ्या-कोयत्यांशेजारी माझे चिमटे मांडले, त्यांना हळदकुंकू लावलं. मावशीनं मला मुद्दाम बोलावून ते दाखवलं. एकतीस वर्षांत मी मायक्रॉनमध्ये मोजायची हत्यारं केली, त्यांतल्या एकालाही कोणी झेंडूचं फूल वाहिलं नव्हतं. मी घरी आलो तो छाती पुढं काढूनच.

थंडी पडली आणि तक्रार आली. मावशी एक दांडी घेऊन आली. साल निघालेली, आतलं हिरवट पांढरं उघडं पडलेलं.

"साल निघती भाऊ. कोल्ड रूममधी ठिवलं की काळं पडतं. सुपरवायझर पोरींना बोलतो."

"तुम्ही जोरात दाबता," मी म्हणालो. जगातला प्रत्येक टूलरूमवाला पहिलं वाक्य हेच बोलतो.

"मंग हळू दाबायचा कोर्स काढा तुमी."

मी तिला दाबाचं शास्त्र समजावू लागलो. तिनं ते पुरतं ऐकून घेतलं आणि मग आपल्या हातातल्या बांगड्या पुढं केल्या.

"भाऊ, बारीक पोरीला बारीक बांगडी लागती, जाड बाईला जाड. कासार काय समद्यांना येकच माप घालतो व्हय? दांडी कवा बारीक असती, कवा जाड. तुमच्या चिमट्याला तोंड येकच. बारीक दांडीचा काटा ऱ्हातो अन् जाडीची साल जाती. अन् दाबाय गेलं की पार मिटतोच की ह्यो. मधी कायतरी अडवान पायजे."

मी अर्धा तास वाद घातला. माझं डिझाइन कसं बरोबर आहे हे तीन उदाहरणांनी सिद्ध केलं. ती गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिऊन मी पडवीत बसलो आणि एकाऐवजी दोन खाचा पाडल्या, एक बारीक, एक मोठी. कडा गोल केल्या. आत एक छोटा अडथळा बसवला, म्हणजे कितीही दाबलं तरी चिमटा पूर्ण मिटू नये. परसातल्या गुलाबावर फिरवून पाहिला. साल शाबूत, काटे गायब. मी आनंदानं बायकोला हाक मारली.

"बघ, काय सुचलंय मला!"

तिनं चिमटा उलटसुलट करून पाहिला. "काल मावशी काय बोलत होत्या?"

"त्या बांगड्यांबद्दल बोलत होत्या," मी म्हणालो.

आता इथं मी जरा अडखळतो. नवा चिमटा सगळ्यात आधी मावशीच्या बायकांना दाखवायला हवा होता. विसरलो असं म्हणणं सोयीचं आहे. खरं म्हणजे टाळलं. बावीस जणींना पुन्हा बदलून द्यायचं म्हणजे महिनाभराची कानस, आणि पैसे मागायचे म्हणजे तोंड कुठलं? म्हणून मी टेम्पोवाल्याच्या हाती नवे चिमटे पलीकडच्या दुसऱ्या एका पॉलीहाऊसवर पाठवले. तिथल्या बायकांनी ते हातोहात घेतले. मी मनाशी म्हणालो, दोन पॉलीहाऊसांच्या मध्ये डोंगर आहे. बायकांचं माहेर-सासर डोंगर मोजत नाही, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.

त्याच दिवसांत माझं स्वतःचंही एक प्रकरण चालू होतं. भाऊबीजेला मी वलवणला बहिणीकडं गेलो होतो. येताना लोणावळ्याच्या बाजारातल्या माझ्या ओळखीच्या हार्डवेअरवाल्याकडून एक ड्रिल मशीन घेतलं. चांगल्या कंपनीचं. बहिणीनं केलेल्या करंज्यांचा डबा एका हातात आणि मशीन दुसऱ्या हातात, असा मी घरी आलो होतो आणि बायकोला आधी मशीन दाखवलं होतं. डिसेंबरात भोकं पाडायचं बिट घ्यायला पुन्हा त्याच दुकानात गेलो, तर काउंटरवर त्याच कंपनीचं नवं मॉडेल. त्याच किमतीला. पुढं दिवा. उलटं फिरायची सोय. आणि बिट आवळायला चावी नको, हातानंच आवळायचं. माझ्या मशीनची चावी तोवर दोनदा हरवून झाली होती आणि तिसऱ्या वेळी ती मी सुतळीनं मशीनलाच बांधली होती.

"हे कधी आलं?" मी विचारलं.

"झाले पंधरा दिवस," दुकानदार म्हणाला.

"मग माझं बदलून द्या."

तो हसला. मी हसलो नाही. मग त्याला कळलं की मी खरंच म्हणतोय.

"अहो, माझा मेहुणा चिक्की करतो. यंदा त्यानं नवी चिक्की काढली, ड्रायफ्रूटवाली. मग गेल्या वर्षी ज्यांनी शेंगदाण्याची खाल्ली, त्यांना बोलावून फुकट वाटायची का?"

"चिक्की खाल्ली की संपते. ड्रिल संपत नाही."

"तेच तर आमचं दुःख आहे हो," तो मनापासून म्हणाला.

मी घरी आलो आणि कंपनीला पत्र लिहिलं. आखीव फुलस्केपवर, दोन्ही बाजूंनी. टूलरूमला असताना युनियनसाठी अर्ज लिहायचो, तो हात पुन्हा वाहता झाला. कच्चा खर्डा वहीत ठेवला आणि पक्कं पत्र रजिस्टरनं पाठवलं. दहाबारा दिवसांत दुकानदाराचा फोन आला की कंपनीचा माणूस दुकानात येतोय, तुमचं पत्र बरोबर घेऊन, तुम्ही या. मी इस्त्रीचा शर्ट घातला, जुनं मशीन खोक्यात भरलं आणि तळेगावहून लोकल धरून लोणावळा गाठलं. पिशवी मोकळी आणली होती, नवं मशीन न्यायला.

कंपनीचा माणूस गळ्यात ओळखपत्र घातलेला, फार गोड बोलणारा होता. त्यानं मला खुर्ची दिली, चहा मागवला.

"सर, तुमच्यासारखे ग्राहक म्हणजे आमची संपत्ती. पत्र आमच्या साहेबांनी स्वतः वाचलं."

"मग मशीन?"

"ते पॉलिसीत बसत नाही सर. पण तुमचा अनुभव आम्हाला फार मोलाचा आहे. नव्या मॉडेलमध्ये अजून काय हवं, असं तुम्हाला वाटतं?"

इथं माझी चूक झाली. एकतीस वर्षं टूलरूममध्ये काढलेल्या माणसाला असा प्रश्न कोणी विचारला नव्हता. मी फुललो. दिवा पुढं नको, खाली हवा, म्हणजे सावली पडत नाही, हे सांगितलं. मूठ थोडी तिरकी हवी, हे सांगितलं. वायर जिथून बाहेर येते तिथं ती कायम तुटते, त्याला काय करायचं, ते त्याच्या वहीत पेन्सिलीनं काढून दाखवलं. तो भराभर लिहून घेत होता. शेवटी उठून त्यानं माझा हात दोन्ही हातांत घेतला आणि बॅगेतून कंपनीचं नाव लिहिलेली एक पिवळी टोपी काढून माझ्या डोक्यावर ठेवली. दुकानदारानं फोटोसुद्धा काढला.

परतीच्या गाडीत कामशेत मागं पडल्यावर माझ्या ध्यानात आलं, की कंपनीनं मला अगदी शब्दशः टोपी घातली आहे. डोकं माझं, चित्र माझं, आणि उद्या ते जे मशीन काढतील ते पुन्हा मीच विकत घ्यायचं. मी इतका चिडलो की टोपी काढायचंसुद्धा सुचलं नाही. तशीच घालून घरी आलो.

आमच्या ओट्यावर अकरा बायका बसल्या होत्या. बायको त्यांना चहा देत होती. मधोमध मावशी. तिच्या मांडीवर दोन चिमटे होते, एक जुना, एक नवा.

"या भाऊ," ती म्हणाली. "टोपी झ्याक हाय. नव्या मॉडेलची का?"

मी खोकं खाली ठेवलं. मावशीनं नवा चिमटा पुढं धरला.

"ह्यो कुनाचा?"

तीन ठिपके मावळतीच्या उन्हात चमकत होते. नाकारायची सोय नव्हती. कळलं ते असं, की ओट्यावरच्या एकीची नणंद पलीकडच्या पॉलीहाऊसवर कामाला आहे.

"माझाच," मी म्हणालो. "पण मावशी, तुम्ही घेतलात तेव्हा तुमचा चिमटा चांगलाच होता ना? तो काय बिघडलाय का? काल होता तसाच आज आहे."

"त्यो तसाच हाय. पर आता आमाला ठाव झालंय का त्यो कसा हाय."

मागून एक सडपातळ बाई म्हणाली, "भाऊ, मोबाइल बघा की, आपोआप नवा व्हतो. अपडेट म्हनत्यात. त्येचं कुनी पैसं घेत न्हाई. चिमट्यालाच काय झालं?"

"मोबाइलमध्ये लोखंड घासावं लागत नाही बाई."

"म्हंजी घासायला लागतं म्हनून तुमी गप बसलाव व्हय?"

सगळ्या हसल्या. मी टोपी काढून ओट्यावर ठेवली आणि जरा गंभीर झालो. माझ्या मते मी सरळ बोलत होतो. "हे बघा. लोहाराकडून तुम्ही विळा घेता. पुढच्या वर्षी त्यानं जास्त चांगला विळा काढला, तर जुना दाखवून नवा फुकट मागता का?"

"न्हाई मागत," मावशी म्हणाली.

"मग?"

"लोहाराला इळा कसा करायचा ते सांगाय आमी गेलो नव्हतो."

बायकोनं कपबशा गोळा करता करता, कोणाकडंही न बघता म्हटलं, "बांगड्यांबद्दल बोलत होत्या ना त्या?"

मी शेवटचा डाव टाकला. "ठीक आहे. नवा देतो. पण जुना परत आणून द्यायचा. म्हणजे निदान पट्टी तरी माझ्या कामी येईल."

यावर बायकांनी एकमेकींकडं अशा नजरेनं बघितलं, जणू मी देवळातली घंटा मागितली होती.

"पुजल्यालं हत्यार माघारी द्यायचं?" मावशी म्हणाली. "खंडेनवमीला हळदकुंकू लावलंय त्याला. तुमी सोता बघून गेलाव की."

"आन् माझा तर मी सुनंला दिलाय," आणखी एक म्हणाली.

म्हणजे जुना ठेवायचा, नवाही घ्यायचा, आणि तोही फुकट. मी ठाम नकार द्यायला तोंड उघडलं, तेवढ्यात बायको घरात गेली आणि माझी वही घेऊन बाहेर आली. तिनं चष्मा लावला. मला कळेना हिला आत्ता वही कशाला. मग कळलं. तोवर उशीर झाला होता.

"महोदय," तिनं खणखणीत आवाजात वाचायला सुरुवात केली, "ज्या ग्राहकांनी आपल्या पहिल्या, अपूर्ण मालावर विश्वास ठेवला, त्यांच्या खिशातूनच आपल्या दुसऱ्या, सुधारलेल्या मालाचा जन्म झाला आहे, हे आपण सोयीस्करपणे विसरत आहात."

"कुनी लिवलंय?" मावशीनं विचारलं.

"ह्यांनी."

"कुनाला?"

"ड्रिल मशीनच्या कंपनीला. ऐका पुढं. जुन्या ग्राहकास वाऱ्यावर सोडून नव्यास मिठी मारणे ही व्यापारनीती नव्हे, ही तर कृतघ्नता होय. सबब, माझ्या जुन्या यंत्रास निदान नवा भाग विनामूल्य बसवून देणे हे आपले नैतिक कर्तव्य आहे."

"नैतिक म्हंजी?"

बायकोनं चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं. "म्हणजे कायद्यानं नाही, पण लाज असली तर."

ओटा हसून हसून लोळायचा बाकी राहिला. त्या सडपातळ बाईला तर ठसका लागला. मी हसायचं नाही असं ठरवलं होतं, पण माझंच गद्य माझ्याच बायकोच्या तोंडून ऐकताना मला त्यातली ऐट इतकी दिसली, की मलाही आवरेना. पत्राच्या शेवटच्या वाक्यानं मला अडकवलं खरं, पण सुटायची वाटही त्यानंच दाखवली. जुन्या यंत्राला नवा भाग. मी म्हणालो, "नवा चिमटा देत नाही. जुन्यालाच नवं तोंड बसवून देतो. पैसे नाही घेणार. रविवारी सगळ्यांनी आपापला घेऊन या."

"सीझनच्या आदी पायजे," मावशीनं बजावलं. चौदा फेब्रुवारीच्या आधीचे दोन आठवडे म्हणजे पॉलीहाऊसवर लग्नघराची गडबड असते. शहरातल्या प्रेमाचे सगळे काटे आमच्या गल्लीतल्या बायका काढतात. जाताना ती माझी पिवळी टोपी घेऊन गेली. उन्हात कामाला बरी म्हणाली. मी अडवलं नाही.

रविवारी चिमटे जमा झाले. मी टेबलावर मांडून मोजले तर एकतीस भरले. पुन्हा मोजले. एकतीसच. मी बावीस विकले होते. मग भिंग घेऊन एकेक पाहिला, तर नऊ चिमट्यांवर ठिपकेच नाहीत. पट्टी जरा जाड, ट्यूबऐवजी चिकटपट्टी गुंडाळलेली. कुठल्या तरी वेल्डिंगवाल्यानं माझा चिमटा बघून तसाच केलेला, हे उघड होतं. मी मावशीला बोलावलं.

"हे नऊ माझे नाहीत."

मावशीनं त्यातला एक उचलला, डोळ्यांजवळ धरला, लांब धरला, आणि शांतपणे खाली ठेवला. "लेकरू तुमचंच हाय भाऊ. जरा रंगानं येगळं निघालं."

"कोणी केले?"

"आता ते काय आमाला ठाव. बाजारात मिळालं. तुमच्याकडचं संपलं व्हतं तवा."

रागवायला हवं होतं. पण खरं सांगतो, आधी मला बरं वाटलं. आपली नक्कल करावी असं कोणाला तरी वाटलं, हे सेवेच्या एकतीस वर्षांत घडलं नव्हतं. दुसरं म्हणजे, तो नकली चिमटा हातात धरला आणि मी चपापलो. त्या वेल्डिंगवाल्यानं मुठीच्या कडा आत दुमडल्या होत्या. माझ्या चिमट्याची कड ट्यूब झिजली की तळव्याला कापायची. ह्याची कापत नव्हती. इतकी साधी गोष्ट. मी पाच मिनिटं तो उघडझाप करत बसलो.

"मावशी, ह्यातला एक मला ठेवायला द्या."

"देते की. त्याच्याबदली नवा द्या."

दिला. त्या दिवसापासून माझ्या सगळ्या चिमट्यांच्या कडा दुमडलेल्या आहेत, आणि त्या माणसाला मी काहीही दिलेलं नाही. कोण होता तेही मी फारसं शोधलं नाही. सापडला असता तर तोही येऊन ओट्यावर बसला असता.

पुढचे दहा दिवस आमच्या पडवीत कारखाना चालला. मी तोंडं कापायचो, भोकं पाडायचो, रिव्हेट मारायचो. बायको मुठींना ट्यूब गुंडाळायची आणि मधूनमधून "नैतिक कर्तव्य झालं का किती?" म्हणून विचारायची. जुन्याच ड्रिलवर काम उरकलं. चावी सुतळीला लोंबकळत होती आणि दर बिट बदलताना माझ्या मनगटावर आपटत होती. सीझनच्या चार दिवस आधी तीसच्या तीस चिमटे तयार झाले. एका संध्याकाळी टेम्पो थांबवून बायकांनी ते नेले. सडपातळ बाईनं तिथंच रस्त्यावर, आमच्या कुंपणाच्या बोगनवेलीवर चाचणी घेतली. बोगनवेलीचे काटे गुलाबाहून वाईट. "पास!" ती ओरडली.

सगळं वाटून झाल्यावर मला उमगलं, की तिसांत मावशीचा चिमटाच नव्हता. तिनं तो दिलाच नव्हता. मी तिला थांबवून विचारलं.

"मला न्हाई पायजे," ती म्हणाली. "माझा हात ह्याला बसलाय."

"अहो, मग एवढं भांडलात कशाला?"

"हक्काचं व्हतं म्हनून. घ्यायचं का न्हाई ते मागनं."

आणि टेम्पोत चढून गेली. मी दारात उभा. टूलरूममध्ये आमच्या युनियनच्या पुढाऱ्यांना हे वाक्य सुचलं असतं तर आमचे दोन संप वाचले असते, असं मला वाटून गेलं.

उन्हाळ्यात, लग्नसराई सरल्यावर, मावशी स्वतःच पडवीत आली. तिच्या चिमट्याचा ताण गेला होता, दाबला की उघडत नव्हता. "तेवढा सरळ करून द्या," म्हणाली आणि बायकोशी बोलत बसली. मी तो हातात घेतला. ट्यूब झिजून गुळगुळीत झालेली, मधल्या वाकात लुगड्याची एक घडी घालून ठेवलेली. अडथळा म्हणून. म्हणजे जे मी पत्र्याचं केलं, ते तिनं माझ्या आधी चिंधीचं केलं होतं. मला तिचा अभिमान वाटला, आणि त्या भरात मला एक लहर आली. ताण तर दिलाच, पण तिला न सांगता दुसरी खाचही पाडली. कडा दुमडल्या. नवी ट्यूब चढवली. म्हटलं, एकदा वापरेल तर कळेल. पिशवीत घालून तिच्या हाती दिला.

तिसऱ्या दिवशी ती परत आली. चिमटा टेबलावर ठेवला.

"ह्यो माझा न्हाई."

"तुमचाच आहे. हे बघा तीन ठिपके."

"ठिपकं माझं हायती. तोंड न्हाई."

"सुधारलाय मावशी. एक पैसाही नको."

"मी मागितलं व्हतं?"

मी समजावून पाहिलं. म्हटलं, आता तुमची साल निघणार नाही. तिनं माझ्याकडं, लहान मुलाकडं बघावं तसं पाहिलं.

"माझी कवाच निघाली न्हाई. पोरींची निघायची. मी पोरींसाटी सांगाय आलेवते."

मग काय करणार? त्या दुपारी मी पितळेचा डाग देऊन ती नवी खाच भरली. कानशीनं घासून घासून पुन्हा तिथं जुना अर्धचंद्र उतरवला. दुमडलेल्या कडा उघडल्या. नवी ट्यूब काढून कचऱ्यातून जुनी शोधली, धुतली आणि गुंडाळली. चांगल्या कामाला लागला नव्हता तेवढा वेळ ते बिघडवायला लागला. बायको दारात उभी राहून तोंडाला पदर लावून बघत होती. मावशी समोर स्टुलावर बसून प्रत्येक टप्प्याला "अजून थोडं" म्हणत होती. शेवटी तिनं स्वतःच्या हातानं चिंधीची घडी मधल्या वाकात बसवली, परसातल्या गुलाबाची एक दांडी धरून सर्रकन ओढली आणि मान हलवली.

"आता बरा झाला."

चहा पिऊन उठल्यावर दारातूनच तिनं विचारलं, "काय द्यायचं भाऊ?"

"काही नको मावशी."

"व्हय, घेऊ बी नका," ती चपला घालत म्हणाली. "बिघडवला तुमीच व्हता."